ढग आला की पूर्व

आईने नागपूर सोडून आमच्याकडे बंगळुरूला कायमचं राहायला यावं म्हणून मी जिवाचं रान केलं. बाबा गेल्यापासून ती एकटी होती. शेवटी आली, पण परतीचं तिकीट काढूनच. देवांचा डबाही उघडेना. "आधी पूर्व कोणती ते ठरू दे," म्हणाली.

आनेकल रोडवरच्या आमच्या घरात पूर्वेच्या भिंतीला छान कोनाडा आहे. आईने त्यात बाबांचं होकायंत्र ठेवलं. सुई कलली आणि कोनाडा आग्नेयेला गेला. आग्नेयेला चूल असते, देव नाही! बाजूच्या खिडकीत सूर्य ढळढळीत वर आलेला. म्हटलं, "अगं, तो बघ ना!" तर म्हणे, "मग तुझ्या बाबांची सुई खोटं बोलून राहिली का?" म्हणजे सूर्य खोटा. कपाळ माझं!

नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. असलं काही मिळालं की हा जेवण विसरतो. गच्चीवरच्या सोलर पॅनेलच्या दोन वायरी भिंतीच्या बाहेरून, कोनाड्याच्या दोन्ही बाजूंनी उतरतात. एकीतून करंट खाली येतो, दुसरीतून वर जातो. दोघींभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि मधल्या जागेत ती दोन्ही एकाच दिशेला मिळतात, म्हणून सुई कलते. "ढग आला की करंट कमी, सुई सरळ," असंही तो बोलून गेला. तिथेच घोळ झाला.

आईने देव काढले, पण पूजा ढग आल्यावरच. "पहाटे करा ना, ऊन नसताना," जावई म्हणाला. "पहाटे मी चहा पिते," आई म्हणाली.

मग रोज तेच. आई आंघोळ करून, फुलं घेऊन सुईवर डोळा ठेवून बसायची. "अगं ये, पूर्व आली!" अशी हाक आली की मी ऑफिसचा कॉल म्यूट करून पळायचे, नवरा तोंडात ब्रश घेऊन धावायचा. शेजारच्या काकू, इथल्याच जुन्या मराठी, गच्चीवरून खबर द्यायच्या, "अक्का, स्वल्प थांबा, मोठा ढग येतोय!" आरतीच्या मध्येच ऊन पडलं तर टाळ्या थांबवून आम्ही तसेच उभे. नुसता वेड्यांचा बाजार!

शेवटी माझी सटकली. नवऱ्याने सोलर बंद करून दोन्ही वायरी एकाच पाइपात, एकमेकींना चिकटवून घातल्या. उलट दिशांचे करंट इतके जवळ आले की एकमेकांचं क्षेत्र खोडून टाकतात. सोलर पुन्हा सुरू केला, तरी भर उन्हात सुई हलेना.

"आता कधीही पूजा कर," मी म्हटलं. "तिकीट रद्द करू?"

"राहू दे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉल संपवून बाहेर आले तर पूजा आटोपली होती. आई सोफ्यावर एकटीच बसलेली.

"हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही कामात. आता कशासाठी मारू?"

मी नवऱ्याला आत ओढलं. "त्या वायरी परत वेगळ्या कर."

"अगं, इंजिनिअर आहे मी!" तो म्हणाला. मग दाराआडून त्याने आईकडे पाहिलं, आणि गुपचूप शिडी उचलली.

तो सोफ्याच्या मागून निघाला तशी आई मान न वळवता म्हणाली, "जावईबापू, अंतर आधीएवढंच ठेवा. आणि हिला सांगा, तिकीट रद्द कर म्हणावं."