दहा इसा करंड्या

फोन हातात घेतला की मावशी आधी त्याची दोरी ओढून बघत, बांबूची कामटी घेताना बघतात तशी. "हां, पक्की हाय," म्हणत आणि मगच रिसीव्हर कानाला लावत. मी म्हणे, "मावशी, ती तुटली तर माझी नोकरी जाईल." त्यावर त्या गंभीरपणे म्हणत, "म्हनूनच बगते, पोरी."

सत्तर सालाच्या आसपास भोरच्या पोस्टात ट्रंक कॉलसाठी तुम्ही कधी ताटकळला असाल, तर त्यांना पाहिलंच असेल. मी तिथं टेलिफोन ऑपरेटर होते. मावशी आंबवड्याकडच्या एका वाडीतल्या. तिथली घरं बुरूडकाम करत आणि आंबे भरायला त्यांनी विणलेल्या बांबूच्या पाट्या पुण्याच्या फळबाजारात मावशी पाठवत. नवरा होता तेव्हा तो पाट्या एसटीच्या टपावर टाकून स्वतःच पुणं गाठायचा. तिथला शेठ मान हलवून म्हणायचा, "माल फार झालाय." ओझं परत आणणार कुठं? मिळेल त्यात देऊन बिचारा घरी यायचा.

नवऱ्यामागं मावशींनी ही रीत मोडली. आधी फोन, मग एसटी. शेठनं हवं म्हटलं तरच पाट्या टपावर चढत आणि मावशींशिवायच पुण्याला जात. तिथल्या स्टँडवर शेठचा हमाल त्या उतरवून घेई.

"माल पुन्यात गेला की त्येंचा. हितं हाय तवर माजा," असं त्या मला सांगत, आणि ते अशा ऐटीत, की फोनचा शोध यांनीच लावला असावा.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी शेठनं फोनवरच सांगून टाकलं, की आंबा आता लाकडी पेट्यांतून येणार, पाट्या बंद. लाइन खराब असली की दोघांचं बोलणं मधे बसून मलाच पोहोचवावं लागे, त्या दिवशीही तसंच होतं. हे कसं सांगावं ते मला कळेना. सगळ्या वाडीची चूल त्या पाट्यांवर पेटत होती. शेवटी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "त्येला इचार, पेटीत काय भरत न्हाईत?"

शेठ आधी वैतागले. मग म्हणाले, अंजीर. पेटीत दबतं, त्याला पाणी सुटतं.

"मग अंजराच्या करंड्या करतो. उथळ, पानं घालाय येतील अशा. इचार, घेनार का?"

"किती देणार?" शेठनं विचारलं.

"धा इसा."

मी तसंच पुढं सांगितलं. पलीकडून लगेच आलं, "पाठवा, पाठवा." मी आनंदानं मावशींना सांगितलं, तर त्यांच्या कपाळाला आठी.

"लई बिगीनं व्हय म्हनला. व्यापारी मानूस असं म्हनत न्हाई. परत इचार."

परत विचारलं तेव्हा घोळ कळला. मावशी विसाविसांनी मोजायच्या, त्यांचे दहा इसा म्हणजे दोनशे. शेठनं ऐकलं होतं दहा-वीस. दोनशेचा आकडा कळल्यावर ते असे ओरडले, की ते पोहोचवायला माझी गरजच पडली नाही.

रांगेतले लोक हसायला लागले. मावशी हसल्या नाहीत. वाडीला काय सांगून आल्या असतील कोण जाणे. मग त्या थेट शेठशीच मोठ्यानं बोलल्या. "वीसच धाडते. अंजीर नासलं तर फोन करू नका. टिकलं तर मातुर तुमी करायचा. हितं, भोरला."

पुण्याच्या व्यापाऱ्यानं वाडीतल्या बाईला फोन करायचा! आमच्या पोस्टमास्तरांना चहाचा ठसका लागला.

फोन आला. मी एसटीच्या कंडक्टरकडं निरोप दिला. दुसऱ्या दिवशी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या, शेठनं परत फोन केला आणि मी लाइन जोडून दिली. "बोला," त्या म्हणाल्या, बाहेरच्या बाजारापर्यंत ऐकू जाईल असं. त्यानंतर दर हंगामाला आधी शेठचाच फोन येई, आणि मावशी हवं तर हो म्हणत, नाहीतर वाट बघायला लावत.

मग एका वर्षी नेहमीसारखा फोन आला. "मावशींना विचारा, यंदा करंड्या किती देतात?"

"शेठ, मावशी गेल्या," मी म्हटलं. "थंडीत गेल्या. पण वाडीत काम चालू आहे. त्यांच्या सुनांना निरोप धाडते."

"म्हणजे करंड्या येतील."

"येतील."

त्या दिवशी लाइन अगदी स्वच्छ होती. शेठचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. ते म्हणाले, "बाई, इतकी वर्षं भांडलो त्यांच्याशी, पण कधी पाहिलं नाही हो. कशा दिसायच्या?"

मी सांगायला लागले. बुटक्या होत्या म्हटलं, काळ्यासावळ्या, लुगडं बहुतेक हिरवं. आणि बोलता बोलता मी फोनची दोरी ओढून बघितली.