सुरमईसारखं भरलेलं औषध

"मना काय पापलेट समजलास रं? आज तुजा मुडदाच पाडतो!"

एवढं ओरडून माझ्या थोरल्या मामाने सलाईनचा लोखंडी स्टँड धाकट्या मामाच्या पाठीत घातला. पनवेलच्या त्या हॉस्पिटलातला तो आवाज करंजाड्यात ऐकू गेला आणि उलव्यातल्या बांधकामांच्या परांच्या हलल्या, हे मी शपथेवर सांगतो.

थोरल्याला फुप्फुसाचा कॅन्सर. केमो होऊन गेली, फरक पडला नाही. आता दर तीन आठवड्यांनी एक नवं औषध शिरेतून द्यायचं. हे लागू पडलं नाही तर आपल्या हातात दुसरं काही नाही, असं डॉक्टरबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. पहिल्या डोसाला मामाला व्हीलचेअरवरून आणला. चार पावलांत धाप लागायची. आज तिसरा डोस.

औषधाचं काम बाईंनी छान समजावलं होतं. शरीरात राखणदार पेशी असतात. त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं. कॅन्सर त्यावर हात ठेवतो, की राखणदार त्याला घरचा समजून गप्प बसतात. औषध तो हात मध्येच अडवतं. पुढची मारामारी राखणदारांनीच करायची.

मामा जाम खूश. तरुणपणी त्याने भांडणात अख्खी होडी माणसांसकट उलटी केली होती. किती माणसं, ते माझ्याकडून दरवेळी थोडं वाढतं. "म्हंजे औषध मारत नाय," तो म्हणाला, "आपल्याला धरून ठेवनाऱ्याला बाजूला करते. बास! तेवढंच पायजे."

औषध मुंबईहून जेल-पॅकच्या डब्यातून आणायचं. गार हवं, पण गोठता कामा नये. हे वाक्य बोललं गेलं तेव्हा धाकटा मामा नेमका चहाला गेला होता. उरणच्या धक्क्यावर तीस वर्षं मासळी भरलेला माणूस! तिसऱ्या डोसाची बाटली आणायला नेमका तोच गेला. त्याने मुंबईत डबा उघडला, जेल-पॅक बोटाने दाबलं आणि हसला. "ह्यो कसला बर्फ? ह्याच्यात बोंबील पन नासंल."

मग थर्माकोलची पेटी आली. खाली फोडलेला बर्फ, त्यावर बर्फाला आणखी गारठवणारं मिठागरातलं जाडं मीठ, मधोमध बाटली, वर पुन्हा बर्फ आणि मीठ. अशी भरलेली सुरमई दुबईला ताठ पोचते. बाटलीही ताठ पोचली. फार्मसीतल्या मुलीने ती उजेडात धरली, उलटी केली. आत काही हललं नाही.

"हे गोठलंय. आता देता येणार नाही."

त्यानंतरचा तो स्टँड. दुसऱ्या फटक्यात धाकट्याची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. तिसरा फटका औषधांच्या ट्रॉलीवर बसला, ती आडवी. एक सिक्युरिटीवाला भिंतीवर चिकटला, दुसऱ्याच्या मनगटाचा मामाने चावा घेतला. मी कमरेला लोंबकळलो, तर मला त्याने टॉवेलसारखा झटकला. धाकट्याने मात्र हात उचलला नाही. जमिनीवर बसून रडत म्हणत होता, "मार दादूस. मीच तुला मारलाय, तू मना मार."

तेव्हा थोरल्याच्या हातातला स्टँड खाली आला.

डॉक्टरबाई धावत आल्या. सगळे धापा टाकत होतो. मामा सोडून सगळे.

"बाई, बघा ना!" मी ओरडलो. "एवढी मारामारी केली, याला धाप नाही! औषध लागू पडतंय ना?"

धाकट्याने रक्ताळलेलं तोंड वर केलं. थोरला बाईंकडे बघत राहिला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग वाकलेल्या स्टँडकडे.

"ते स्कॅनमध्ये कळेल," त्या म्हणाल्या. "सोमवारी नवी बाटली आणा. आणि तो स्टँड जागेवर ठेवा."