आमच्या पार्टीतल्या साडेतीन गिटारी

ऑर्केस्ट्रात पंधरा वर्षं काढली आणि पदरात दोन गोष्टी पडल्या. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे आणि डोक्यात किस्से. वाजवणं सुटल्यावर घट्टे वर्षभरात मऊ पडले. किस्से मात्र वाढतच गेले. वाजवणं बंद झालेला माणूस बोलण्याशिवाय दुसरं करणार तरी काय?

तुझा आवडता गिटारवाला कोण, असं कुणी विचारलं की त्याला माझ्याकडून एखादं परदेशी नाव हवं असतं. मी सांगतो, आमच्या पार्टीतले. ऑर्केस्ट्राला आम्ही पार्टीच म्हणायचो. कोल्हापुरात देवीची साडेतीन पीठं सगळ्यांना माहीत, आमच्या साडेतीन गिटारी कुणाला माहीत नाहीत. देसाई सरांची हवाईयन, अण्णांची बेस, वसंताची लीड. उरलेली अर्धी म्हणजे माझी ऱ्हिदम. अर्धीसुद्धा मीच ठरवलेली आहे, दुसऱ्या कुणी पावच धरली असती!

पार्टीचे मालक बाबूराव. पांढरी सफारी, हातात माइक आणि कानात काही नाही. सूर कानात गेला तरी तिथं थांबायचा नाही, असा त्यांचा कान. पण सुपाऱ्या आणायचे तेच, म्हणून ठरवायचेही तेच.

*

देसाई सर एका ऑफिसात क्लार्क होते. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात, तारांवरून लोखंडी पट्टी सरकवत. सरांची गंमत अशी की ते सुरावर थेट कधीच उतरायचे नाहीत. खालून हळूहळू यायचे, अगदी जवळ येऊन थांबायचे, आणि ऐकणाऱ्याचा जीव कासावीस झाला की मग आत शिरायचे. ते थांबणं मी पुन्हा कुणाच्या हातात ऐकलं नाही.

एका साखरपुड्यात सर वाजवत होते. डोळे मिटलेले, मान खाली, हात इकडून तिकडे. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी शेजारणीला विचारलं, "ह्यो बाबा मगापासनं कुणाची इस्त्री करतोय?"

अख्खा मांडव हसला. सरही हसले. पण कार्यक्रमानंतर यजमान बाबूरावांना बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या वेळी उभं राहून वाजवणारा आणा, हे बसलेलं आजारी असल्यागत दिसतंय. बाबूरावांनी मान डोलावली. पुढच्या सीझनला सर नव्हते.

मी त्यांना भेटायला ऑफिसात गेलो, तर ती लोखंडी पट्टी टेबलावरच्या कागदांवर ठेवलेली. म्हणाले, "पंख्यानं कागद उडतात हो. चांगली जड आहे."

*

अण्णा मूळचे गडहिंग्लजच्या पुढचे, घरात अर्धी कन्नड अर्धी मराठी. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत. दिवसभर गुळाच्या ढेपा, संध्याकाळी बेस गिटार. दुसरे बेसवाले ज्या जागेत आठ ठोके भरायचे तिथं अण्णा दोन वाजवायचे आणि उरलेली जागा मोकळी सोडायचे. त्या मोकळ्या जागेत बाकीचे सगळे आरामात राहायचे, आणि अण्णा वाजवतायत हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

तेच नडलं. एकदा बाबूरावांनी चारचौघांत विचारलं, "अण्णा, तुमचं ते ऐकू तरी येतंय का कुणाला?"

त्या दिवशी एका कॉलेजच्या गॅदरिंगला, ऐन गाण्याच्या मध्यात, अण्णांनी तारांवरचा हात काढून घेतला. आमच्या गायिका शोभाताई सुरावरून घसरल्या. ढोलकवाला लय सोडून बसला. नाचणारी पोरं थांबून एकमेकांकडे बघायला लागली. पंखा बंद पडला का, म्हणून दोघातिघांनी वर पाहिलं! अण्णांनी चार मात्रा मोजल्या आणि पुन्हा हात लावला. गाडी रुळावर.

आम्हाला वाटलं, आता बाबूराव पाय धरतील. बाबूराव म्हणाले, "बघितलंसा? एका माणसावर एवढं अवलंबून ऱ्हाणं धोक्याचं हाय."

पुढं कीबोर्ड आला आणि बेस त्याच्या डाव्या हातात गेली. अण्णा म्हणाले, "साकु." कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. एवढं बोलून त्यांनी पेटी बंद केली आणि पूर्णवेळ गूळ विकायला लागले. त्यांचं बरं झालं. गुळाला निदान गोड म्हणतात.

*

आता वसंता. उद्यमनगरात लेथवर टर्नर. पहिली गिटार त्यानं मोडकी आणली आणि तिच्या खुंट्या, तारा बसतात ती पितळी पट्टी, सगळं जेवणाच्या सुट्टीत लेथवर स्वतः घडवलं. आठ तास मशिनपुढे उभा राहायचा तो संध्याकाळच्या दोन तासांसाठी. त्याला नाव नको होतं, कॅसेटवर फोटो नको होता. स्टेज हवं होतं. तेवढंच हवं होतं, हे ध्यानात ठेवा.

पन्हाळ्याला एका शाळेच्या संमेलनात दोन कडव्यांच्या मधल्या त्याच्या तुकड्याला वन्स मोअर आला. गाण्याला नव्हे, तुकड्याला! वसंतानं पुन्हा वाजवला, पण वेगळा. पहिला खोडकर होता, हा रुसलेला. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा त्यानं फक्त तीन सूर वाजवले आणि शेवटचा इतका वेळ धरून ठेवला की शोभाताई गायचं विसरून त्याच्याकडे बघत राहिल्या. चौथ्यांदाही तो मागचं काही घेऊन आला नाही.

खाली उतरल्यावर बाबूराव तापले. ठरलंय ते वाजवायचं, म्हणाले.

"ठरलंय ते मगाशीच वाजवलं की," वसंता म्हणाला.

*

माझं सांगायचं तर मी जळायचो. स्पष्टच सांगतो, आता लपवून काय मिळणार आहे. मी एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर होतो. ऱ्हिदम म्हणजे गाण्याला मागून टेकू देत राहायचं, आणि टेकूकडे कोण बघतो?

मी वसंताला म्हटलं, शिकव. त्यानं हातचं काही राखलं नाही. तार कुठं दाबायची, कशी ओढायची, नख किती लावायचं, सगळं दाखवलं. माझा हात हातात धरून दाखवलं. मी सहा महिने गिटार घासली. मग एकदा त्याला ताप आला आणि त्याचे सगळे तुकडे मी वाजवले. एकही सूर चुकला नाही. मनात म्हटलं, झालं, आता आपणही आहोत.

शोभाताईंना विचारलं, कसं झालं? त्या तशा मनानं चांगल्या. म्हणाल्या, "सगळं बरोबर वाजवलंत दादा. पण वसंता माझा श्वास संपायच्या आधी येतोय. तुम्ही संपल्यावर आलात."

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला तो शिकवू शकला नाही. ते वाक्य मी वीस वर्षं गिळतोय, अजून खाली उतरलेलं नाही.

*

शतक संपता संपता नवा कीबोर्ड आला. बाबूरावांनी त्यावर आपल्या भाच्याला बसवलं. त्यात एक बटण होतं, दाबलं की गिटार. बाबूराव खूश. आम्ही म्हटलं, ही गिटार नव्हे. बाबूराव म्हणाले, ठरवू या.

तालमीच्या खोलीत सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागं एकदा भाचा वाजवणार, एकदा वसंता. हात वर करून ओळखायचं. दहा वेळा झालं. ढोलकवाल्यानं दहाही वेळा ओळखलं, शोभाताईंनी ओळखलं, मी ओळखलं, चहा घेऊन आलेल्या हॉटेलवाल्यानंसुद्धा ओळखलं. चुकले ते एकटे बाबूराव, आणि तेही निम्म्याच्या वर.

आम्ही जिंकलो म्हणून हसतोय, तोवर बाबूराव शांतपणे म्हणाले, "मला कळंना, म्हणजे पब्लिकलाबी कळणार न्हाय. ठरलं."

आम्ही कपाळावर हात मारून घेतला आणि बसलो. मी तर काहीच बोललो नाही. भाचा लीड वाजवणार होता, ऱ्हिदम नाही. माझ्या अर्ध्या गिटारीला तूर्त धक्का नव्हता.

*

पण भाच्याची बटणाची गिटार शोभाताईंना सोसेना. त्यांनी सरळ सांगितलं, वसंता नसेल तर मी दुसऱ्या पार्टीत जाते. मग बाबूरावांनी जे केलं ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वात हुशारीचं काम.

वसंताला म्हणाले, आपली कॅसेट काढायची. शाहूपुरीत एका स्टुडिओत दोन दिवस बसवून त्याच्याकडून चाळीस गाण्यांची गिटार वाजवून घेतली. वसंतानं कामावर रजा टाकली होती. नवा शर्ट घालून आला होता. काचेपलीकडे मी बसलो होतो, आणि खोटं कशाला सांगू, इतकं चांगलं त्यानं आधी कधी वाजवलं नव्हतं. शोभाताई समोर नसतानाही त्यांच्या श्वासाची जागा त्यानं बरोबर सोडली होती.

कॅसेट निघालीच नाही. त्याचा ट्रॅक झाला. ट्रॅक म्हणजे सगळी वाद्यं आधीच भरून ठेवलेली, वर फक्त गायचं. पुढच्या सीझनपासून स्टेजवर मशिन गिटार वाजवणार, आणि वसंतानं नुसतं उभं राहायचं. मीही तसंच, कारण ऱ्हिदमसुद्धा मशिनमध्येच गेली. गळ्यात गिटार, पण वायर नाही. पब्लिकला गिटार दिसायला लागते ना!

शोभाताईंना तक्रारीला जागाच उरली नाही. गिटार वसंताचीच होती.

मला हे स्टुडिओतच ठाऊक होतं. बाबूरावांनी पहिल्या दिवशीच कानात सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, बोलू नको. मी बोललो नाही.

वसंता तरीही उभा राहिला. वायर नसलेल्या गिटारीवर तो सगळं वाजवायचा, रोज वेगळं. मशिनमधून जुनं, ठरलेलं यायचं आणि शेजारी उभं राहिल्यावर त्याच्या तारांचा बारीक करकर आवाज मला एकट्याला यायचा. तो मशिनपेक्षा भारी असायचा. मी त्याला एकदाही तसं म्हटलं नाही.

*

आम्हा दोघांचा एकत्र शेवटचा सीझन. बाबूराव म्हणाले, आता नुसतं उभं राहायला दोन माणसं कशाला? टेम्पोत जागा होत नाही. दिवाळीनंतर एकच गिटार. कोण ते बघतो. वसंतानं हे ऐकलं आणि मी पण ऐकलं. आम्ही त्यावर एकमेकांशी कधी बोललो नाही.

राधानगरीच्या पुढं एका गावात दूध संस्थेचा वर्धापनदिन होता. भर दुपार, पत्र्याचा मांडव, बाहेर पावसाची झोड. संस्थेचे जुने चेअरमन पहिल्या खुर्चीत, डोक्याला फेटा. कार्यक्रम संपत आला तसे ते उठले, काठी टेकत स्टेजपाशी आले आणि बाबूरावांच्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला.

"गाणं बास झालं," वसंताकडे काठी दाखवत ते म्हणाले. "ह्या गिटारवाल्या पावण्याची बोटं मी मगापासनं बघतोय. एकट्याला वाजवू द्या. आमी ऐकतो."

मांडवात टाळ्या. बाबूरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माइक परत घेऊन सांगितलं की वायरची जरा अडचण झालीय, मशिनचा भाग आहे, समजून घ्या. म्हातारा हलेना. आवाजाचा मिक्सर समोरच होता. एक वायर, दोन टोकं, एवढाच प्रश्न होता.

तीन वर्षांनी वसंताच्या चेहऱ्यावर रंग आला होता. त्यानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुझ्याकडं हाय का रं वायर?"

ट्रॅक आल्यापासून वायर लागत नव्हती. तरी मी माझी पिशवीत घालून आणायचो, रोज. ती पायाशी होती.

"न्हाय," मी म्हटलं.

वसंतानं म्हाताऱ्याला हात जोडले. म्हातारा, राहू दे मग, म्हणून परत जाऊन बसला. मशिन पुन्हा सुरू झालं आणि शेवटचं गाणं झालं.

दिवाळीनंतर पार्टीत मी राहिलो.

पण ते नंतरचं. त्या दुपारी सामान टेम्पोत चढवत होतो. वसंतानं आपली गिटार ठेवली, मग माझी ठेवली. माझी पिशवी फळीवर होती, चेन अर्धी उघडी. वायरचं टोक बाहेर लोंबत होतं. त्यानं ते बघितलं. मीही बघितलं. त्यानं ते टोक दोन बोटांत धरलं, नीट गुंडाळून आत सारलं आणि चेन शेवटपर्यंत लावली.

"पाऊस हाय," वसंता म्हणाला. "भिजंल."