वाजवून दाखवलेला शेवटचा फोन

मंडळी, शहागंजात आमचं जुन्या टेलिफोनचं आणि त्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आज दुपारी तिथं महिन्याभरानं गिऱ्हाईक आलं.

पुंडलिकनगरात कॅफे काढणारे एक साहेब होते. नळाला पाणी आठ दिवसांनी येतंय, पण कॅफे रोज नवं निघतंय! त्यांना डायलचे सहा काळे फोन हवे होते.

वाजवून दाखवल्याशिवाय फोन विकायचा नाही, हा वडिलांचा नियम. मी वायर जोडून पहिला फोन वाजवला. शेजारचे अत्तरवाले चाचा जुन्या सवयीनं ओरडले, "मेरा फोन है क्या?"

साहेब वैतागले. "वाजवत काय बसलात? आतलं सगळं काढा. दिवे बसवायचेत त्यात."

"अहो, सगळे चालू आहेत."

"चालू असून काय करू? छताला टांगायला लई जड आहेत."

काढलं. माझ्याच हातानं, सहाही फोनचं. नाही म्हणायची ऐपतच राहिली नाय.

आता समोर घंट्या, डायल, वायरींचा ढीग पडलाय. आयुष्यभर पार्ट नाही म्हणून लोकांचे फोन परत पाठवले. आज पार्टच पार्ट आहेत.

सांगा, बसवू कशात?