आईपासून लपवलेली बातमी

मी पोटात असताना आईचा धाकटा भाऊ गेला. फवारणीचं औषध प्यायला. ती वर्षंच तशी होती. दर्यापूरकडे एका गावातली माती आटोपून लोक दुसऱ्या गावी जायचे. आईला सहावा महिना होता. पोटातल्या लेकराला धक्का बसेल म्हणून तिला सांगायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. मामा सुरतेला कामाला गेला म्हणाले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर तिथून दवाखाना लांब पडतो म्हणून तेही टाळलं. माझं बारसं झाल्यावर खरं सांगितलं. आपण किती शहाणपणाने निभावलं, हे आमच्याकडची मंडळी अजून कौतुकाने सांगतात.

मी मात्र जन्मापासून दचकणारी. कुकरची शिट्टी झाली तरी किंचाळायचे. झोप नावाला. शाळेत कुणी मागून हात लावला की सरळ चावायचे. आताही बसचं दार आपटलं तर छातीत धडधडतं, आणि मग मी उगाच कुणावर तरी खेकसते.

अकोल्याला नर्सिंग शिकताना मॅडमनी एकदा सांगितलं, की गरोदरपणी आईला सतत ताण असला तर त्याचा परिणाम बाळाच्या वाढत्या मेंदूवर होऊ शकतो. सगळ्यांवर होत नाही, पण अशी काही मुलं फार दचकतात, चिडतात. मला चक्क आनंद झाला. म्हणजे मी मुळातच खराब नव्हते! फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. आईला तर काही माहीतच नव्हतं. शनिवारी घरी गेले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, तुला तेव्हा दुसरा कसला ताण होता का?

आईने शेंगा बाजूला सारल्या आणि सांगितलं. तिला पंधरा दिवसांतच कळलं होतं. तिचे वडील भेटायला आले होते. टोपी काढल्याशिवाय कधी न जेवणारा माणूस भर उन्हाळ्यात टोपी घालून जेवायला बसला, आणि टोपीखाली कानामागे केस नव्हते. आईने भाकरी वाढली, भावाचं विचारलं. बरा आहे, म्हणाले. तिने पुढे काही विचारलं नाही. सगळे तिच्यासाठी सोंग करत होते, म्हणून तीन महिने तीही करत राहिली. न्हाणीतसुद्धा रडली नाही.

आईचा यात दोष नसतो, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. ते मी घाईघाईने सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तुले धक्का बसू नये म्हणून मी रडली नाई," ती म्हणाली. "मंग रडाले पायजे होतं का?"

निदान बारशानंतर, खरं सांगितलं तेव्हा तरी रडलीस ना, म्हणून विचारलं.

"तवा बाया म्हणे, रडू नको, दूध आटते."