‘शांत’ आणि ‘ऐकले नाही’

रविवार, १४ डिसेंबर. डोंबिवली पूर्व, काकूंचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हजर: मी; कल्याणहून आलेली काकूंची भाची मीनल; आणि सोसायटीचे सेक्रेटरी राणेकाका, जे किल्ली द्यायला आले आणि बसलेच. काम: काकूंच्या मागे त्यांचे घर रिकामे करणे. कपडे आणि भांडी दुपारपर्यंत आटोपली. उरल्या चौदा वह्या. काकू ज्या कॉलेजात शिकवत, तिथे त्या द्यायच्या असे मीनलने ठरवले आहे. त्याआधी पान न् पान तपासायचे काम माझ्याकडे आले. काकूंचे अक्षर मला लागते, आणि त्यांतल्या एका आठवड्याच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत.

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे गुरूकाकू म्हणत. त्या कोणाच्या गुरू नव्हत्या, त्यांनाही कोणी गुरू नव्हता. त्या गुरू ऐकत. गुरू म्हणजे ग्रह. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर दोन बांबूंमध्ये तांब्याची तार ताणली, तिची वायर खिडकीतून आत आणून रेडिओला जोडली, आणि वर्षातले जे महिने गुरू पहाटे आकाशात असतो त्या महिन्यांत रोज पाच ते सहा कानाला हेडफोन लावून बसू लागल्या.

“काकू पहाटे गुरूचं ऐकतात” ही बातमी तळमजल्यावर पोहोचेपर्यंत तिचे व्हायचे ते झाले. सावंतवहिनी एका गुरुवारी नारळ आणि पेढे घेऊन हजर. “काकू, आमच्या स्वातीला यंदा गुरुबळ आहे का, एवढं विचारा ना.”

काकूंनी पेढा तोंडात टाकला. “गुरूला बळ खूप आहे हो वहिनी. पण आपल्या पाण्याच्या पंपाला त्याहून जास्त. साडेपाचला तो सुरू झाला की मला गुरू ऐकूच येत नाही.”

पुढच्या मीटिंगमध्ये पंप सहानंतर लावायचा ठराव सावंतवहिनींनीच मांडला. आज हे निघाले तेव्हा राणेकाका म्हणाले, “आणि मे महिन्यात स्वातीचं जमलं! आता काय बोलणार तुमचं सायन्स?”

मी काकूंच्या खालच्या मजल्यावर राहते. विज्ञान माझे बारावीपर्यंतचे, पुढे नौपाड्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी. तरी काकूंनी मला हे समजावले, तेही एका चहात. गुरूच्या चंद्रांपैकी आयो नावाच्या चंद्रावर सतत ज्वालामुखी धुमसत असतात. त्यांतून उडालेला वायू अवकाशात जातो, त्याचे कण विद्युतभारित होतात आणि गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून त्याच्याबरोबर गरगरत राहतात. “याला प्लाझ्मा म्हणायचं. साधा वायू चुंबकाच्या हाकेला ओ देत नाही. हा देतो.” आयो त्यातून फिरतो तेव्हा त्याच्या आणि गुरूच्या मध्ये वीज वाहते, आणि त्यातून उठलेल्या रेडिओलहरी थेट आमच्या गच्चीवर येतात. तरुणपणी काकू यावरच संशोधन करत होत्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ते सुटले. त्याबद्दल विचारले तर म्हणायच्या, “चंद्र कुठे पळून जातोय?”

मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा किनाऱ्यावर लाट येऊन मागे सरावी तसा आवाज आला. मी ओरडलेच, “काकू, आला!”

“थांब. आधी आपला आवाज वजा कर.”

ही त्यांची पद्धत. लिफ्ट चालू आहे का? कोणाचा मिक्सर? जिन्यातली ट्यूब फडफडतेय? एकेक नाव खोडायचे आणि काहीच उरले नाही तर गुरूचे नाव घ्यायचे. माझ्या घरात आणि लॅबमध्ये आज ‘आधी हे तपासा’ अशा ज्या याद्या भिंतीवर लागलेल्या असतात, त्यांचे मूळ इथे आहे.

नऊ वर्षांपूर्वी काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्या आठवडाभर मीनलकडे कल्याणला राहिल्या आणि वही माझ्याकडे आली. “रोज ऐकायचं, रोज लिहायचं,” एवढीच सूचना. त्याच आठवड्यात बिल्डिंग रंगवायला काढली होती. शुक्रवारी मला जाग आली ती सातला. आदल्या चार दिवसांत बहुतेक काही नव्हतेच, म्हणून मी चहा पिता पिता लिहून टाकले: शांत, अधूनमधून वीज. (वीज म्हणजे लांबच्या विजांचा हेडफोनातला कडकडाट.)

शनिवारी काकू काळा चष्मा लावून परतल्या. वाचायला मनाई होती, म्हणून नोंदी मीच वाचून दाखवत होते. शुक्रवार आला.

“शांत. अधूनमधून वीज.”

“रंगारी आत्ता जिन्यात भेटला,” काकू म्हणाल्या. “तार त्याने गुरुवारी दुपारी उतरवली. मग तारेशिवाय वीज कुठून ऐकलीस गं?”

मी चाळिशीच्या आसपासची बाई, दोन मुलांची आई. पण त्या क्षणी पाय कुठे ठेवावेत ते कळेना. काकू चिडल्या नाहीत. पेन पुढे केले. “‘शांत’ म्हणजे मी ऐकलं आणि काही नव्हतं. ‘ऐकले नाही’ म्हणजे ऐकले नाही. गुरूला दोन्ही चालतं. वहीला चालत नाही.” मग एकच रेघ मारायला लावली, खालचे शब्द वाचता येतील अशी. शेजारी ‘ऐकले नाही’, सही, तारीख. “चूक पुसायची नाही, दिसू द्यायची. आता पोहे खाऊन जा.”

पुढे मी लॅबची सुपरवायझर झाले तेव्हा पहिला नियम हाच लावला. ‘निगेटिव्ह’ वेगळे, ‘तपासले नाही’ वेगळे. मशीन बंद पडलेल्या दिवशी एक मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले, “अहो मॅडम, पेशंट ठणठणीत आहे, निगेटिव्हच येणार. लिहून मोकळ्या व्हा.” मी म्हटले, “तपासले नाही असं लिहून पाठवते, चालेल?” चालले नाही. पण दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त झाले आणि तोच नमुना पॉझिटिव्ह आला. त्या पेशंटला काकूंचे नाव कधी कळणार नाही. मला मात्र संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर जाऊन ते सांगता आले. काकू एवढेच म्हणाल्या, “म्हणजे आज मशीनला तार होती.”

आज नववी वही उघडली. शुक्रवारची रेघ, माझी सही, सगळे जागेवर आहे. त्याच्या वर सोमवार: शांत. मंगळवार: शांत. दोन्ही माझ्या अक्षरात.

त्या शनिवारी पोहे खाताना काकूंनी विचारले होते, “आणखी काही?” मी म्हटले, “नाही, एवढंच.” त्या “बरं” म्हणाल्या आणि पुन्हा कधी विचारले नाही. एवढंच नव्हते. सोमवार किंवा मंगळवार, यांपैकी एके पहाटे मी वर गेलेच नव्हते. कोणत्या, ते आता आठवत नाही. दोन्हींवर रेघ मारली तर मी खरोखर ऐकलेली एक पहाट खोडली जाते. एकावर मारली तर ती पुन्हा अंदाजाने लिहिलेली नोंद होईल.

मीनल पुढच्या रविवारी वह्या न्यायला येणार आहे. तेरा तपासून झाल्या. नववी माझ्या टेबलावर आहे, आणि हे सांगायला मीनलला अजून फोन केलेला नाही.