डाव्या अंगठ्याचा ठसा
परवा दस्तनोंदणीच्या कचेरीत शाईच्या पॅडचा वास आला आणि कर्वेनगरच्या छोट्या हॉस्पिटलातली ती दुपार आठवली. मधुमेहाने आईचं पाऊल काळं पडलं होतं. पाय गुडघ्याखालून कापावा लागेल, असं डॉक्टरांनी मला आणि भावाला सांगितलं. आम्ही आईला सांगितलं, फक्त बोट काढणार आहेत. "त्यांना सगळी कल्पना दिलीत ना?" डॉक्टरांनी विचारलं. "हो," मीच म्हणाले. आई निवृत्त मुख्याध्यापिका, वाचल्याशिवाय सही न करणारी, म्हणून तिचा चष्मा मी पर्समध्येच ठेवला. उजव्या हाताला सलाईन होतं, तेव्हा संमतीच्या कागदावर डावा अंगठा उठवला. "अंगठाबहाद्दर केलंस की गं मला!" ती हसली. दुसऱ्या दिवशी तिने चादरीखाली हात घालून बराच वेळ चाचपलं. "मला का नाही विचारलंस?" "तू नाही म्हणाली असतीस." "म्हणाले असते. पाय माझा होता." त्यानंतर ती चार वर्षं जगली. पाय काढला नसता तर महिनाभरही जगली नसती, हे मी आजही ठणकावून सांगते. पण त्या चार वर्षांत माझ्या हातची एकही गोळी तिने औषधांच्या दुकानात फोन करून विचारल्याशिवाय घेतली नाही.